फुकट तिकीट, अडीचशे बिघे की बॉस्टनची मजुरी: कॉनेमारातल्या कुळाने काय निवडावं?

1879 साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बटाटा पुन्हा बुडाला. 1847 च्या दुष्काळात घरातली माणसं गमावलेली पिढी अजून हयात होती. पुढच्या दहा वर्षांत गॅल्वे (कॉनेमारा यातच येतो) आणि मेयो या परगण्यांतल्या कुळांना 'सगळं बिऱ्हाड घेऊन निघा' म्हणणारे बरेच जण भेटले. त्या कुळाच्या जागी आपण असतो तर कुणाचं ऐकावं?

कागदावर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा सौदा सगळ्यांत सरस. लिव्हरपूलचे फादर नुजंट माणसं निवडून पाठवणार आणि तिथले बिशप जॉन आयर्लंड (हे त्यांचं आडनाव) ती वसवणार. प्रत्येक कुटुंबाला 160 एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीचशे बिघ्यांवर जमीन, शिवाय घर. 1880 च्या उन्हाळ्यात सुमारे 300 जण मिनेसोटातल्या ग्रेसव्हिलला पोचले, तेव्हा पेरणीचा हंगाम टळून गेला होता. ही माणसं खडकाळ तुकड्यात कुदळीने बटाटा लावणारी. झाडाचा मागमूस नसलेलं सपाट गवताळ रान नांगरणं त्यांना ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरातच बर्फाचं वादळ आलं आणि थंडीने हाल झाले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, त्यांनाच आळशी ठरवण्यात आलं. मला ते पटत नाही. सेंट पॉल शहरात हलवून रोजंदारी मिळाल्यावर यांतली बरीच कुटुंबं तगली. त्यांच्या वस्तीला 'कॉनेमारा पॅच' हे नावच पडलं.

अर्जेंटिनाचं आमिष त्याहून सोपं: जहाजाचं भाडंच नाही. शिवाय नाव चांगलं होतं. शतकाच्या मध्याला वेस्टमीथ, लाँगफर्ड, वेक्सफर्डहून गेलेले आयरिश मेंढपाळ तिथे गबर झाले होते. पण त्यांच्या पाठीशी ब्वेनोस आयरेसमध्ये फादर अँथनी फाही होते. आलेल्याला काम, पैसे ठेवायला भरवशाची जागा, लग्नाचं स्थळसुद्धा तेच बघत. ते 1871 मध्ये वारले. 1889 च्या सुरुवातीला 'सिटी ऑफ ड्रेस्डेन' जहाजातून जवळपास 1,800 माणसं उतरली, तेव्हा त्यांना धड निवाराही नव्हता. बाहिया ब्लांकाजवळच्या नापोस्ताला गेलेल्यांची वसाहत दोन वर्षांत मोडली. मुलं मोठ्या संख्येने दगावली. कॅशेलच्या आर्चबिशप क्रोक यांनी गरिबांना तिकडे पाऊल टाकू नका असं बजावलं, तोवर उशीर झाला होता.

तिसरी वाट बॉस्टनसारख्या ठिकाणच्या मजुरीची. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे बँकर जेम्स हॅक टूक जमिनीचं स्वप्नच दाखवत नव्हते. 1882 ते 1884 या तीन हंगामांत त्यांच्या निधीने सुमारे 9,500 जणांना अमेरिकेत आणि कॅनडात पाठवलं. सरकारनेही त्यात पैसे घातले. गॅल्वे किंवा ब्लॅकसॉडच्या खाडीतून बोट, अंगावर नवे कपडे, उतरल्यावर हातखर्च, आणि जिथे मजुरी आहे तिथपर्यंतचा प्रवास. राष्ट्रवादी पुढारी आणि बिशप चिडले, कारण गावं ओस पडत होती. त्यांचं चूक नव्हतं. पण बोटीत चढणाऱ्या कुटुंबापुरतं बोलायचं तर तिन्हींत हीच वाट भरवशाची, कारण ती धक्क्यावर येऊन संपत नव्हती.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात: आधी गेलेला भाऊ किंवा आत्या असेल तर विचार करा, नाहीतर अंतर फार.

टूकच्या यादीत नाव लागायला मात्र घरात कमावते हात हवेत आणि निदान एकाला इंग्रजी यायला हवी. 1882 पासून अमेरिकेचा कायदाही स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्याला उतरू देत नव्हता. फक्त आयरिश बोलणारी विधवा आणि तिची चार कच्चीबच्ची यांना टूकने दार लावलं असतं. अर्जेंटिनाच्या फुकट बोटीचा दलाल इंग्रजी विचारत नव्हता.