मोठा टर्बो बसवून आठ महिने झाले, आता जरा खरं खरं सांगतो

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. त्याची कीट बसवली त्याच आठवड्यात लिहिणार होतो, पण तेव्हा डोक्यात नुसता बूस्ट भरला होता म्हणून थांबलो. आता ११ हजार किमी झालेत.

पिकअपबद्दल तक्रारच नाही. आधी कंपनीचा टर्बो ०.८ बार द्यायचा, आता रिमॅप करून (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) १.३ वर आहे, आणि ३००० आरपीएमच्या पुढे गाडी अशी काही सुटते की विचारू नका. पण त्या ३००० च्या खाली? काहीच नाही. टर्बोचं मोठं चाक फिरवायला एक्झॉस्टचा जोरही तेवढा लागतो, तो येईपर्यंत बसा वाट बघत. जुना टर्बो १८०० लाच जागा व्हायचा, त्यामुळे आता ट्रॅफिकमध्ये जिथे तिसऱ्यावर निघून जायचो तिथे दुसरा टाकावा लागतो. हे विकणारे कोणी सांगत नाहीत.

खरा ताप झाला तो धुराचा. दुसऱ्याच आठवड्यात सिग्नलला उभं राहिलं की मागून निळा धूर, आणि गाडी पळायला लागली की गायब. मेकॅनिक म्हणाला टर्बोचं ऑइल अडवणारं सील गेलं, टर्बो परत पाठव. माझा तर घसाच कोरडा पडला. मग गाडी रॅम्पवर चढवली आणि मीच टॉर्च घेऊन खाली शिरलो, तर टर्बोतून ऑइल परत इंजिनाखालच्या चेंबरमध्ये नेणारा जो होज आहे ना, तो लांब पडल्यामुळे मध्येच झोळीसारखा लोंबत होता. टर्बोत ऑइल जातं प्रेशरने पण परत येतं ते नुसतं उतारावरून, वर फेसाळलेलं, त्यामुळे त्या झोळीत ते साचायचं आणि मागे तुंबून सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरायचं. चार बोटं होज कापला, सरळ उतार दिला, धूर बंद तो आजतागायत बंद. टर्बो बिचारा ठणठणीत होता!

क्लच मात्र गेलाच. चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम वर आणि स्पीड तिथेच, वर तो जळका वास. कीटमध्ये इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे) होते, क्लच नव्हता, म्हणजे तो खर्च आधीच धरून ठेवा.

आणि हो, पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर आलं की मगच गाडी चालू करा. टर्बोचा शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमने फिरतो, कोरडा फिरला तर संपलाच. ५०० किमीनंतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्ट पाइपचे) नटही परत आवळा. माझ्याकडे सकाळी थंड इंजिनला टिकटिक यायची आणि गरम झाल्यावर जायची, मला वाटलं टॅपेट वाजतायत, निघाले दोन नट ढिले.

अ‍ॅव्हरेज पायावर आहे. शांत चालवली तर आधीइतकंच, पण शांत चालवतो कोण. ऑइल मी आता ५ हजारालाच बदलतो. जोरात चालवून आलो की बंद करायच्या आधी मिनिटभर आयडलिंगला ठेवतो, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो. घरचे गाडीतून उतरून दारात उभे राहून हाका मारतात, मी आपला स्टिअरिंग धरून आत.

सध्या एकच दुखणं उरलंय, इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) एक होज फुल बूस्टला दोनदा निसटलाय, फटकन आवाज आणि गाडी मेल्यासारखी. साधा क्लॅम्प काढून बोल्टने घट्ट आवळणारा टी-बोल्टवाला मागवलाय, अजून आला नाही.