छोट्या तेल कंपनीचं उत्पादन: विक्रीवरून काढायचं की विहिरींवरून?

काटोलला मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराचा सौदा करायला व्यापारी येतो, पाच-सहा झाडांखाली फिरतो आणि मनातल्या मनात फळगळ वजा करूनच भाव बोलतो. तेलाच्या जुन्या विहिरींचं उत्पादनही असंच गळत जातं, पण तेल कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये ही वजाबाकी क्वचितच असते. शेअर घेताना कंपनी रोज खरंच किती तेल काढते हे आपणच काढायचं, आणि त्याचे दोन रस्ते आहेत.

एक, विक्रीवरून मागे येणं. समजा तिमाहीची तेलविक्री 60 कोटी, बॅरलचा भाव 75 डॉलर, डॉलर 84 रुपये. म्हणजे बॅरलला 6,300 रुपये, आणि 91 दिवसांवर वाटलं की दिवसाला साधारण 1,050 बॅरल. धरमपेठेतल्या टपरीवर चहा निवायच्या आत होतं. पण हे विकलेलं तेल झालं, काढलेलं नव्हे. समुद्रातल्या क्षेत्राचं तेल बरेचदा तरंगत्या टाकीत साठतं आणि जहाज आलं की एकदम विकलं जातं. एका तिमाहीत दोन खेपा, पुढच्या तिमाहीत कोरडं. म्हणून चार तिमाह्या एकत्र धरा. वायूचा भाव निराळा, त्याची विक्री आधी बाजूला काढा.

दुसरा रस्ता विहिरींचा. वेळखाऊ आहे, पण पुढचं वर्ष दिसतं ते इथेच. समजा एप्रिलमध्ये दिवसाला 1,000 बॅरल आहेत, जुन्या विहिरींची घट वर्षाला 20 टक्के. ऑक्टोबरात नवी विहीर 400 वर सुरू झाली आणि मार्चपर्यंत निम्म्यावर आली. स्लाइडवर 1,400 झळकतात. मार्चअखेर हातात असतात 800 अधिक 200, म्हणजे पुन्हा हजारच! वर्षाची सरासरी 1,040 च्या आसपास: जुन्यांचे 896, आणि नवीची सहा महिन्यांची सरासरी 290, ती वर्षभरात पसरली की 145. खोदाईचा सगळा खर्च जागच्या जागी राहण्यात गेला.

घटीचा दर मात्र मिळवावा लागतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्य विहीरवार मासिक आकडे देतं. आपल्याकडे पेट्रोलियम मंत्रालयाच्या मासिक अहवालात खासगी आणि संयुक्त क्षेत्रं एकत्र येतात. मग कंपनीचे मागचे वार्षिक अहवाल काढायचे आणि नवी विहीर न खोदलेलं वर्ष शोधायचं. त्या वर्षाची घट हाच तुमचा दर.

विहिरींच्या रस्त्यात एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. एका कंपनीच्या क्षेत्राचा अख्खा आकडा तिचाच समजून शेअर घेतले होते. आसामच्या दिरोक वायू क्षेत्रात हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन या कंपनीचा हिस्सा सुमारे 27 टक्के आहे, बाकी भागीदारांचा. क्षेत्रातून रोज 3 कोटी घनफूट वायू निघाला असं धरलं, तर 6,000 घनफूट वायू म्हणजे एक बॅरल तेल या हिशेबाने 5,000 बॅरल होतात. कंपनीच्या वाट्याला 1,350.

जमिनीवरचं एकच जुनं क्षेत्र असेल आणि शेअर आधीच हातात असेल, तर विक्रीवरून काढलेला आकडा पुरे. नव्या विहिरींच्या जोरावर भाव चढलेला असताना घेणार असाल, तर विहिरींचा हिशेब टाळू नका. मी झालेल्या वर्षासाठी दोन्ही करतो. दहा टक्क्यांहून जास्त तफावत आली की आधी ताळेबंदातला तेलाचा शिल्लक साठा बघतो.