शाळेचं चार पानी बातमीपत्र: आठ महिने, चौदा अंक वापरून झाल्यावर

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. ए-फोर कागद मधोमध दुमडायचा, झाली चार पानं. दोन्ही बाजूंनी काळी छपाई, साधा 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) कागद, वजन बरोबर 5 ग्रॅम. (ए-झिरो कागद एक चौरस मीटरचा, त्याचे सोळा भाग केले की ए-फोर, म्हणून 80 भागिले 16. हा हिशेब मला मुलांच्या संपादक मंडळातल्या, चौथीतल्या एका संपादिकेने ऐकवला. मी गुपचूप वजनकाट्यावर ताडून पाहिला.) दर दुसऱ्या शुक्रवारी हा कागद मुलीच्या दप्तरातून घरी येतो. मुलगी दुसरीत आहे. पहिले चार अंक मी नुसता वाचक होतो. चौथ्या अंकातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करून तो शाळेत परत पाठवण्याचा आगाऊपणा केला आणि तेव्हापासून शुद्धलेखन माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे हा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे.

हा कागद सुरू होण्याआधी शाळेत काय चाललंय ते फोनवरच्या वर्गाच्या ग्रुपमधून कळायचं. म्हणजे कळायचं नाहीच. बाई सकाळी एक ओळ टाकायच्या, उद्या मुलांना खेळाचे बूट घालून पाठवा. त्याखाली पंचवीस ‘धन्यवाद मॅडम’, दहा जोडलेले हात, कोणाचा तरी वाढदिवस, आणि रात्री साडेदहाला कोणीतरी विचारणार, ‘उद्या काही वेगळं घालायचं आहे का?’ हा ‘कोणीतरी’ निम्म्या वेळा मीच असायचो. कागदाची कल्पना निघाली तेव्हा पालकसभेत मी हसलो होतो, हेही नोंदवून ठेवतो.

पहिले दोन अंक वाईट होते. पहिल्या पानावर मनोगत, दुसऱ्यावर ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की’, तिसऱ्यावर नियम, चौथ्यावर मान्यवरांच्या हस्ते काहीतरी. पहिला अंक मला दप्तराच्या तळाशी पेन्सिलीच्या सालींत सापडला, दुसऱ्याचं विमान झालं होतं. ऑफिसने सूचनाफलकच दुमडून घरी पाठवला होता, आणि सूचना कोणी आवडीने वाचत नाही. तिसऱ्या अंकात पहिलीच्या बाईंनी शेवटच्या पानाचा तळ मुलांना देऊन टाकला. बारा ओळींची जागा. मुलांनी तिथे सदर सुरू केलं, ‘पडलेले दात’.

दुधाचे दात वीस असतात आणि साधारण सहाव्या वर्षी, बहुतेकांचे खालच्या पुढच्या दातांपासून, ते पडायला लागतात. त्यामुळे पहिली-दुसरीच्या वर्गांत बातम्यांचा दुष्काळ कधी पडतच नाही. सदराची भाषा तारेसारखी आहे: ‘दुसरी ब. वरचा उजवा. गणिताच्या तासाला. रक्त थोडं. रडली नाही.’ नियम मुलांनीच ठरवले. हलणारा दात चालत नाही, पडलेलाच हवा, आणि दोन साक्षीदार हवेत. सहाव्या अंकाच्या वेळी मोठा वाद झाला. चेंडू लागून पडलेला दात या सदरात घ्यायचा की ‘अपघात’ म्हणून पहिल्या पानावर? अर्धा तास चर्चा चालली. शेवटी तो दात आधीपासूनच हलत होता असं एका साक्षीदाराने सांगितलं आणि बातमी शेवटच्या पानावरच राहिली. मी वर्तमानपत्रं तीसएक वर्षं वाचतोय, पण बातमी कुठे लावायची यावर कोणी इतकं जीव तोडून भांडताना पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या घरी आता हा कागद मागच्या पानापासून वाचला जातो. आजी चष्मा शोधते ती आधी दात बघायला. एका मुलाच्या आईला मी चेहऱ्यानेही ओळखत नव्हतो. फाटकाशी ‘परवा दात पडला तो तुमच्याच मुलाचा ना?’ एवढं विचारलं आणि पंधरा मिनिटं बोलत उभे राहिलो. ग्रुपवर आम्ही त्याआधी दीड वर्ष एकमेकांना नुसते हात जोडत होतो.

पण मी या कागदाच्या बाजूने पुरता झुकलो तो एका कडीमुळे. पाचव्या अंकात तिसरीतल्या दोन मुलींनी लिहिलं, ‘मुलींच्या बाथरूमच्या तिसऱ्या दाराला कडी नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरायचं, असं चालू आहे.’ ऑफिसला हे रुचलं नाही. घरोघर जाणाऱ्या कागदात असलं कशाला, अशी कुजबुज माझ्या कानावर आली. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र ओळ काढली नाही. सहाव्या अंकात त्याच जागी तीनच शब्द, ‘कडी अजून तशीच.’ सातव्यात पुन्हा, ‘कडी अजून तशीच.’ आठवा अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी शिपाईमामा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले, कडी बसवली, आणि संपादक मंडळाला निरोप धाडला की बसवल्याचंही तेवढ्याच ठळक अक्षरांत आलं पाहिजे. आलं. किती स्क्रू लागले तेही आलं, चार. नंतर कळलं की याच कडीबद्दल गेल्या वर्षी एका पालकाने रीतसर अर्ज दिला होता. तो फायलीत आहे.

सगळंच असं गोड झालं नाही. नवव्या अंकात उवांची बातमी आली आणि तिच्यात वर्गाचं नाव होतं. अंक मीच तपासला होता. ‘उवा’चा ऱ्हस्व-दीर्घ नीट पाहिला आणि वर्गाचं नाव डोळ्यांखालून जाऊ दिलं. सोमवारी त्या वर्गातल्या मुलांशेजारी बसायला बाकीची तयार होईनात, आणि एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. पुढच्या अंकात पहिल्या पानावर माफी छापली आणि खाली मुद्द्याची माहिती दिली. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं टेकलं की चालत पलीकडे जाते. स्वच्छ केसांतही होते. लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून एकदा औषध लावून सहसा भागत नाही, आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा बघावंच लागतं. तेव्हापासून आजारपण आणि घरातल्या गोष्टी यांच्या बातमीत ना नाव, ना वर्ग. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 13 मुलांना आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क देतं आणि कलम 16 त्यांचा खासगीपणा जपायला सांगतं. ही दोन कलमं दर दुसऱ्या मंगळवारी आमच्या टेबलावर समोरासमोर बसतात. फोटोपुरती तरी सोय सोपी आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच घरून लिहून घेतलेलं असतं: नाव आणि फोटो दोन्ही चालेल, फक्त नाव चालेल, किंवा काहीच नको.

छपाईच्या भानगडी, आपल्या शाळेत करून बघणाऱ्यांसाठी. आडव्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे पान 4 आणि उजवीकडे पान 1 येतं, आतल्या बाजूला 2 आणि 3. दुसरी बाजू छापताना कागद आखूड कडेवरून उलटण्याचा पर्याय निवडला नाही तर आतली पानं डोक्यावर उभी राहतात. आमचा सातवा अंक असाच गेला आणि मुलांना तोच सर्वांत आवडला. सुरुवातीचे अंक शाईच्या प्रिंटरवर काढले होते. दप्तरात पाण्याची बाटली गळली की मनोगताचं काळं तळं व्हायचं (त्या अंकांचं फार नुकसान झालं असं म्हणणार नाही). आता लेझर प्रिंटर वापरतात. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी, ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते, त्यामुळे पाण्याने पसरत नाही. मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) मागवा. जुन्या फॉन्टमधली एक फाइल आली होती, ती उघडल्यावर ‘स्नेहसंमेलन’चं काय झालं होतं ते लिहिताही येणार नाही.

क्यूआर कोडची गंमतही सांगण्यासारखी आहे. दहाव्या अंकात कोणीतरी उत्साहाने शेवटच्या पानावर कोड टाकला, गाण्याची ध्वनिफीत ऐकण्यासाठी. या कोडाला चारही बाजूंनी कोरी जागा लागते, त्याच्याच बारीक चौकोनांच्या हिशेबाने चार चौकोन रुंद. आमच्या चित्रकार मंडळींनी ती जागा वेलबुट्टीने भरून टाकली आणि कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांना डोळे-नाक काढलं. फोनला नेमके तेच तीन चौकोन बघून कोड कुठे आहे ते कळतं. एकाही घरी तो उघडला नाही. चित्र मात्र छान दिसत होतं.

मुलांच्या हाती छपाई देणं हे नवं खूळ आहे असं एका पालकांचं म्हणणं पडलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी सभेत सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच प्राथमिक शिक्षकाचं उदाहरण दिलं. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, फार वेळ मोठ्याने बोलवत नसे. बार-सुर-लू या गावच्या शाळेत त्यांनी 1920 च्या दशकात एक छोटं हातछपाई यंत्र वर्गात आणलं. मुलं आपल्याच दिवसाबद्दल लिहायची, स्वतः छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवायची आणि छापलेली पानं दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला पाठवायची. दुसरं उदाहरण यानुश कोर्चाक या पोलंडमधल्या डॉक्टर आणि शिक्षकाचं. वॉर्सातल्या त्यांच्या अनाथाश्रमात सूचनाफलक, पत्रपेटी आणि सापडलेल्या वस्तूंचं कपाट होतं, आणि 1926 पासून एका दैनिकाची शुक्रवारची पुरवणी मुलांच्या मजकुरावर चालायची. ती 1 सप्टेंबर 1939 पर्यंत निघाली. त्या दिवशी पोलंडवर हल्ला झाला. सभा थोडा वेळ गप्प होती. नंतर आम्हीही पत्रपेटी ठेवली. जुना बुटांचा खोका आहे, झाकणाला फट पाडलेली. सापडलेल्या वस्तूंची यादी दुसऱ्या पानावर येते आणि तिच्यात प्रत्येक वेळी एकाच पायाचा मोजा असतो. दुसरा कुठे जातो, यावर संपादक मंडळाचा तपास चालू आहे.

आता तक्रारी. तातडीच्या कामाला हा कागद निरुपयोगी आहे. अचानक शाळा लवकर सुटणार असेल तर फोनच लागतो, त्यामुळे ग्रुप ठेवला आहे, फक्त आता तिथे बाईच लिहू शकतात. (हे आधीच करता आलं असतं. कोणाला सुचलं नाही.) दुसरं, एका अंकामागे पहिलीच्या बाईंचे पाच-सहा तास जातात आणि त्या बदल्यात त्यांचा कुठला तास कमी झालेला नाही. त्या रजेवर होत्या त्या पंधरवड्यात अंक निघालाच नाही. एका माणसाच्या हौसेवर चालणारी वस्तू म्हणून याचे गुण मी कापतो. आणि आईवडील वेगवेगळ्या घरी राहतात अशा मुलांना एकच प्रत मिळायची. ते लक्षात यायला आम्हाला पाच महिने लागले, हे लिहिताना लाज वाटते.

सर्वांत मोठी अडचण वेगळीच होती. बातमीदार म्हणून सतत तीच चार बोलकी मुलं पुढे यायची. शिक्षकांच्या खोलीत बेधडक शिरणारी, प्रश्न विचारणारी, स्वतःचं नाव दोनदा लिहिणारी. बाकीची वाचायची. मग चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवली. अकराव्या अंकाला तिसरीतल्या एका मुलाची चिठ्ठी निघाली. हा वर्गात फारसा बोलत नाही. त्याने कोणाची मुलाखत घेतली नाही. मैदानाच्या कोपऱ्यात साचलेल्या डबक्यात पाच दिवस मधल्या सुट्टीत पट्टी उभी धरली आणि आकडे लिहून आणले: ‘सोमवार 9 सेंटीमीटर. मंगळवार 7. बुधवार 7 (रात्री पाऊस). गुरुवार 4. शुक्रवार 2. बेडूक गुरुवारपासून दिसला नाही.’ बुधवारी आकडा का कमी झाला नाही ते कंसात लिहावं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पत्रपेटीत बेडकाबद्दल सतरा चिठ्ठ्या होत्या. त्यांपैकी दोघांनी बेडूक शुक्रवारी पाहिल्याचा दावा केला, तेव्हा तो मुलगा दप्तर सांभाळत मंडळापुढे उभा राहिला आणि आपली वही उघडून म्हणाला, ‘मी दोन्ही सुट्ट्यांत बघितलं होतं.’

गुण विचाराल तर पाचपैकी साडेतीन. बाईंना मदतनीस मिळाला तर चार देईन.

पंधराव्या अंकापासून शुद्धलेखन माझ्याकडे नाही. चौथीतली ती वजनाचा हिशेब सांगणारी संपादिका बघणार आहे. पालकांनी जुने कागद आणून द्यावेत अशी दोन ओळींची सूचना मी तिच्याकडे पाठवली होती. काल ती लाल पेनाच्या खुणांसह परत आली. ‘कळविण्यात येते’ खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘कोण कळवतंय?’