इंजेक्शन की जिभेखालचे थेंब? माझा अनुभव

अ‍ॅलर्जीची टेस्ट झालीय, डस्ट माइट (धुळीतला डोळ्यांना न दिसणारा जीव) निघालाय आणि डॉक्टरांनी "कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा" म्हणून सोडून दिलंय, अशांसाठी लिहितोय. दोन्ही म्हणजे इम्युनोथेरपी: ज्याचा त्रास होतो तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची. मी आधी थेंब घेतले, आता इंजेक्शनवर आहे.

मला आधी वाटायचं की ज्यात टी-रेग पेशी जास्त बनतात ते घ्यावं, विषय संपला. टी-रेग म्हणजे इम्युन सिस्टीममधले "अरे धूळच आहे, जाऊ दे" म्हणणारे लोक (ज्यांनी १९९५ मध्ये या दाखवून दिल्या त्या साकागुचींना आणि आणखी दोघांना २०२५ चं नोबेल याच विषयासाठी मिळालं). या पेशी आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा नावाची शांत करणारी रसायनं सोडतात, त्याने अ‍ॅलर्जी भडकवणाऱ्या टीएच-२ पेशी थंडावतात आणि बी पेशी हळूहळू आयजीजी-४ ही अँटिबॉडी बनवायला लागतात, जी आयजीईच्या (अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या अँटिबॉडीच्या) आधीच माइटचं प्रोटीन पकडून ठेवते. सुरुवातीला आयजीई उलट वाढतं बरं का, मी तो रिपोर्ट बघून उगाच घाबरलो होतो.

पण हे दोन्हीकडे होतं. थेंबांमध्ये जिभेखालच्या डेंड्रिटिक पेशी माल उचलून जवळच्या लिम्फ नोडला (इम्युन पेशींच्या गाठीला) नेतात, आणि जिभेखाली मास्ट सेल (रिअ‍ॅक्शन घडवणाऱ्या पेशी) कमी असल्याने मोठी रिअ‍ॅक्शनही क्वचितच. इंजेक्शनने आयजीजी-४ सहसा जास्त वाढतं, पण त्यावरून तुमचं नाक किती मोकळं होईल ते काही कळत नाही. म्हणजे कागदावर मला तरी निकाल लागला नाही.

निकाल लागला तो बाटलीवरून. थेंब रोज घ्यायचे, दोन मिनिटं जिभेखाली धरायचे, तोंड खाजतं ते सोसायचं, त्यात नेमका फोन येतो आणि आपण "हं हं" करत बसतो. हेही चाललं असतं. पण महिन्यात संपायची बाटली सहाव्या महिन्यात बघतो तर अर्ध्याहून जास्त भरलेली! शिंका कमी झाल्या की माणूस विसरतो, आणि टी-रेगना तर पुन्हा पुन्हा तेच दाखवत राहावं लागतं, किमान तीन वर्षं. गवताच्या परागकणांवर २०१७ मध्ये एक ट्रायल आली होती, त्यात जिभेखालची गोळी दोनच वर्षं देऊन थांबवली, तर वर्षभराने प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) फरक उरला नव्हता. मी तर दोन महिनेही धड घेतले नव्हते.

इंजेक्शनचा त्रास आहेच, सुरुवातीला दर आठवड्याला जा, दंडावर टेंगूळ, वर अर्धा तास तिथेच बसून राहा, आणि तो अर्धा तास खरंच टाळू नका, अ‍ॅनाफिलॅक्सिस झालाच तर बहुतेकदा तेवढ्यातच होतो. पण मेंटेनन्सला, म्हणजे वाढवत नेलेला डोस एका ठिकाणी स्थिरावला त्या टप्प्याला, आल्यावर महिन्यातून एकदा, आणि चुकलं तर समोरून फोन येतो. माझ्यासारख्याला हे बरं पडतं, दुसऱ्या हिवाळ्यात सकाळच्या शिंका जवळजवळ गेल्या, आता श्रेय कुणाचं ते मी छातीठोकपणे नाही सांगणार.

दमा कंट्रोलमध्ये नसेल तर दोन्ही आत्ता नकोत, आधी तो आटोक्यात आणा. सुईची भीती असेल, सतत फिरती असेल किंवा लहान मूल असेल तर थेंब बघा, वाईट नाहीत ते. फक्त फ्रिजवर आठवणीची चिठ्ठी लावून भागेल असं समजू नका, मी लावली होती, आठवड्याभरात ती दिसेनाशीच झाली, अजून तिथेच आहे.