लॅमिंग्टन रोडवर महागडा लॅपटॉप विकताना

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की थोडं चालून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तोंडी नाव जुनंच. दीड-दोन लाखांचा लॅपटॉप विकायला मुंबईत पहिला हाच पत्ता सुचतो. सोयीला या बाजाराला पैकीच्या पैकी गुण. चार दुकानं फिरलं की तासाभरात भाव कळतो, पैसेही लगेच मिळतात. भावाला मात्र निम्मेच. दुकानदार तोच पीस पुढे थोड्या दिवसांची वॉरंटी देऊन विकतो, त्यामुळे त्याची जोखीम आणि नफा दोन्ही तुमच्याच रकमेतून वजा होतात.

तपासणी बघण्यासारखी असते. लॅपटॉप उलटा करून आधी खालचे स्क्रू बघतात. डोकी खरवडलेली दिसली की मशीन बाहेर उघडलंय हे कळलंच. मग बिजागरी किती ढिली आहे ते, पांढऱ्या स्क्रीनवर डाग, एकेक की दाबून, प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घालून. पावसाळ्यात भिजलेल्या बॅगेतून फिरलेल्या मशीनच्या पोर्टात हिरवट गंज दिसला, की बोर्डाला पाणी लागलं असं धरूनच भाव सांगतात. त्यात त्यांचं चुकतही नाही.

बॅटरीचा आकडा आपणच आधी काढून न्यावा. हल्लीच्या मॅकबुकची बॅटरी १,००० सायकलपर्यंत (एक सायकल म्हणजे पूर्ण बॅटरीइतकी वीज एकदा वापरणं) मूळ क्षमतेच्या ८० टक्के धरेल अशा हिशेबाने बनवलेली असते. सायकल किती झाल्या ते सिस्टीम रिपोर्टमध्ये दिसतं. विंडोजवर बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आत्ताची फुल चार्ज क्षमता ताडून बघा. आकडा घसरला असला तरी विकण्याआधी स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी घालू नका. तिच्यामुळे भाव आणखी पडतो.

खरा घोळ लॉकचा. मॅकवर ‘फाइंड माय’ ही हरवलेलं मशीन शोधण्याची सोय बंद न करता दिला, तर घेणाऱ्याच्या हातात ॲक्टिव्हेशन लॉक लागलेला, म्हणजे तुमच्या ॲपल पासवर्डशिवाय सुरूच न करता येणारा डबा जातो. नोकरी सोडताना कंपनीकडून विकत घेतलेल्या मशीनवर कंपनीचं नियंत्रण राहिलेलं असू शकतं; ते आयटी विभागाकडूनच काढून घ्या, नुसतं फॉरमॅट करून ते जात नाही. लेनोवोच्या थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड (मशीनच्या मूळ सेटिंगवरचं कुलूप) विसरला असाल तर लेनोवोच्या लेखी उपाय एकच, मदरबोर्ड बदला. मग भाव भंगाराचा.

विकायचं कधी? वर्षं मोजत बसण्यापेक्षा तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: वॉरंटी संपणं, नवं मॉडेल येणं, सिस्टीमचा पाठिंबा थांबणं. वॉरंटी दोन-तीन महिने शिल्लक असतानाचा काळ सगळ्यात चांगला, कारण घेणाऱ्याला बोर्ड जाण्याची भीती नसते. तिसरी गोष्ट सगळ्यात निर्दय. २०१९चा १६ इंची, इंटेल प्रोसेसरचा मॅकबुक प्रो भारतात १,९९,९०० रुपयांपासून सुरू होत होता. २०२०च्या नोव्हेंबरात ॲपलची स्वतःची एम१ चिप आली आणि जून २०२५ मध्ये ॲपलने सांगून टाकलं की इंटेलवर चालणारी मॅकओएस टाहो ही मॅकच्या सिस्टीमची शेवटची आवृत्ती. अजून तो मशीन ठेवून भावाची वाट बघण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरसुद्धा १६ जीबी रॅमपासूनच मिळतो, आणि ही रॅम बोर्डावरच असल्याने वाढवता येत नाही, म्हणून ८ जीबीच्या पीसला गिऱ्हाईक नाक मुरडतं. गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी मूळ चार्जर जपावा. २३० वॅटचा जाडजूड अडॅप्टर नसेल तर त्याची किंमत सरळ कापली जाते.

घरी येऊन उचलणाऱ्या ऑनलाइन सेवांचा आकडा स्क्रीनवर गोड दिसतो. तो तुम्ही भरलेल्या उत्तरांवर बेतलेला असतो. दारात तपासणी झाली की कमी होतो. वॉरंटीतला, बिल-बॉक्ससकट मॅक असेल तर थेट वापरणाऱ्यालाच विका. लॅमिंग्टन रोड जुन्या, फुटलेल्या किंवा बंद पडलेल्या मशीनसाठी राखून ठेवा. तिथे बोर्डाचं काम करणारे कारागीर आहेत, त्यामुळे मेलेल्या पीसलाही काहीतरी मिळतं. पैसे घेताना सीरियल नंबर आणि तारीख घातलेली पावती मागा. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.