खडीच्या प्रयोगशाळेतील चाळणीयंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

रस्त्यासाठी खडी पुरवणाऱ्या खाणीच्या प्रयोगशाळेत आम्ही आठ महिन्यांपासून विजेवर चालणारे चाळणीयंत्र वापरत आहोत. पूर्वी नमुने हाताने चाळले जात आणि एकाच ढिगातील खडीचे दोन पाळ्यांतील निष्कर्ष जुळत नसत, कारण कोण किती वेळ व किती जोराने चाळतो यावर सारे अवलंबून असे. तो फरक यंत्राने खरोखरच मिटवला. वेळ मात्र आम्हीच ठरवली: यंत्र थांबल्यावर प्रत्येक चाळणी आणखी एक मिनिट हाताने चाळायची आणि तिच्यावरील वजनात १ टक्क्याहून अधिक फरक पडेनासा झाला की ती वेळ कायम करायची. त्याहून जास्त वेळ यंत्र चालवल्यास मऊ दगडाच्या कडा झिजून बारीक माल उगाच वाढतो.

तिसऱ्या महिन्यात निष्कर्ष पुन्हा वरखाली होऊ लागले, तेव्हा आम्ही यंत्रालाच दोष दिला. परंतु तोच नमुना तीनदा चाळला असता आकडे जवळजवळ सारखे आले, आणि चूक नमुना घेण्यात आहे हे उघड झाले. आम्ही ढिगाच्या पायथ्याची खडी उचलत होतो. ढीग रचताना मोठे दगड घरंगळून तिथेच जमतात, म्हणून तो नमुना संपूर्ण मालाचा नव्हताच. आता खडी वाहून नेणारा पट्टा थांबवून त्यावरील खडीचा पूर्ण रुंदीचा एक तुकडा, तळाच्या धुळीसकट, उचलतो आणि रिफल बॉक्समधून (नमुन्याचे सारखे दोन भाग करणाऱ्या खाचांच्या पेटीतून) विभागून लहान करतो. हे केल्यापासून रोजच्या आलेखाला अर्थ आला. २० मिमी खडीत २० मिमीच्या चाळणीवर राहणारा भाग हळूहळू वाढत असल्याचे त्यावर दिसले. शोध घेतला तेव्हा क्रशरवरील (दगड फोडणाऱ्या यंत्रावरील) जाळी झिजून तिची भोके मोठी झालेली आढळली, आणि माल रस्त्यावर जाण्यापूर्वीच ती बदलता आली.

धुळीच्या बाबतीत यंत्रावर विसंबू नये. कोरड्या चाळणीत दगडाला चिकटलेली पूड सुटत नाही, आणि हीच पूड डांबराला दगडाशी धड चिकटू देत नाही. म्हणून नमुना १०५ ते ११० अंश सेल्सियसला वाळवून, तोलून, ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवून, पुन्हा वाळवून तोलावाच लागतो. चपट्या दगडांचे प्रमाण आणि झीज यांच्या चाचण्याही स्वतंत्रपणे कराव्या लागतात.

यंत्राचा आवाज मोठा आहे आणि चाळण्या आवळणारे नट आठवड्याभरात सैल होतात, ही माझी खरी तक्रार. चाळणीवर क्षमतेपेक्षा जास्त खडी घातली तर जाळीही ताणली जाते; म्हणून न वापरलेला एक संच कपाटात ठेवून दर महिन्याला त्याच्याशी तुलना करतो, आणि गेल्या महिन्यात आमची ४.७५ मिमीची चाळणी त्या तुलनेतच बाद झाली.