वीस जणांची भिशी आणि हरकत एकाचीही नाही

१७,४०,००० रुपये. आमच्या वीस जणांच्या भिशीतल्या तेरा जणांचे मिळून एवढे बुडाले. स्कीम कशी असते ते सांगलीत आता कुणाला शिकवायला नको. शेअर मार्केटमध्ये लावतो म्हणून लाखाला महिना ८,००० द्यायचे, अठरा महिन्यांनी मुद्दल परत, आणि एक दिवस ऑफिसला कुलूप. भिशीत दोन शिक्षक होते, बँकेतून निवृत्त झालेले काका होते, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर वीस वर्षं हिशेब लिहिलेले दिवाणजी होते. एजंट एकेकाकडे वेगवेगळा गेला असता तर यातल्या एकानेही त्याला उंबऱ्याच्या आत घेतला नसता. आम्ही फसलो ते एकत्र होतो म्हणून.

भिशी ५,००० ची, दरमहा १ लाख जमायचे, चिठ्ठी काढून ज्याचं नाव येईल त्याला. नऊ वर्षं चालू होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निम्म्या घरांत पाणी होतं, तरी सप्टेंबरात सगळ्यांनी दोन हप्ते एकदम भरले. हा विश्वास कमवायला आम्हाला नऊ वर्षं लागली आणि एजंटाने तो एका संध्याकाळी वापरला, कारण तो आमच्यातल्याच एकीचा दीर. बाहेरचा माणूस येतच नाही, हे आधी लक्षात घ्या. आपलाच माणूस येतो, तोही आपल्या हातात पैसा असताना. फेब्रुवारीपासून हळदीचे सौदे, पुढे तासगावचा बेदाणा, त्याच सुमारास उसाची बिलं. एजंटाला प्रत्येक ठेवीवर ५ टक्के मिळत होते. आमच्यावर त्याने १,३५,००० कमावले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघींनी १-१ लाख भरले. दर ५ तारखेला ८,००० यायला लागले. तीन महिने बघितलं, जूनमध्ये आणखी दहा जणांनी मिळून २४ लाख घातले. कुणी एफडी मोडली, एकीने सोनंतारण करून ३ लाख आणले. माझे २ लाख. ऑक्टोबरचा हप्ता शेवटचा. २७ लाख गेले, ९,६०,००० आले.

आता जो हिशेब मनातून जात नाही तो लिहिते. पहिल्या तिघींचे ३ लाख, त्यांना महिन्याला द्यायचे २४,०००. बाहेरून एक रुपया न आणता त्यांचेच पैसे त्यांना साडेबारा महिने देता येतात. आम्ही तीन महिन्यांच्या हप्त्याला पुरावा म्हटलं. दिवाणजी हा भागाकार तोंडी करतात. त्यांनी केला नाही, कारण त्यांना वाटलं बँकेतल्या काकांनी सगळं तपासलं असेल. काकांना वाटलं दिवाणजींनी. दोन्ही शिक्षकांनी या दोघांकडे बघितलं. मी चौघांकडे बघितलं.

आणि मंगल कार्यालयातली ती मीटिंग. विश्रामबागच्या बाजूला, मे महिन्यात, तीनशे खुर्च्या भरलेल्या. मागच्या रांगेतून पांढऱ्या टोपीतले एक गुरुजी उठले आणि एवढंच विचारलं, "शेअर ज्यात राहतात ते डीमॅट खातं कुणाच्या नावावर आहे? आमच्या की तुमच्या?" माइकवरचा माणूस हसला. पुढच्या तीन रांगा हसल्या, मागोमाग सगळा हॉल. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, चहाच्या वेळी बोला." गुरुजी खाली बसले. माझ्या पोटात त्या क्षणी गोळा आला होता, तोच प्रश्न माझ्याही मनात होता, आणि मी मान खाली घालून पर्सची चेन लावत बसले. पुढच्या रांगांत बसलेले सगळे सबएजंट होते हे नंतर कळलं.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एक रेघ दाखवायची, शेजारच्या तिनांतली तेवढ्याच लांबीची कोणती ते विचारायचं. उत्तर लहान मुलालाही दिसावं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून ठेवलेले, ते बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतात. साधारण एक तृतीयांश वेळा, ज्याला हे ठाऊक नव्हतं तो माणूसही त्यांच्यामागे जाऊन चुकीचंच बोलला. त्याच खोलीत बरोबर बोलणारा आणखी एक जरी असला, तरी हा दबाव कितीतरी उतरतो, आणि उत्तर तोंडी न देता कागदावर लिहायचं असेल तरीही उतरतो. गुरुजींना दुसरा माणूस मिळाला नाही. तो दुसरा माणूस मी व्हायला हवं होतं.

आम्ही जूनमध्ये ठरवलं तेही तोंडी. चहा झाला, एकीने विचारलं, "कुणाची हरकत आहे का?" कुणीच बोललं नाही. भिशी कुणाला लागणार यासाठी नऊ वर्षं वाटीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या टाकणारे आम्ही, २४ लाखांच्या निर्णयाला एक चिठ्ठी टाकली नाही. निनावी चिठ्ठीवर फक्त हो किंवा नाही लिहायला सांगितलं असतं तर किमान सहा नाही निघाले असते. हे मी बुडाल्यावर एकेकाला विचारून सांगते आहे. तुमच्या भिशीत, बचत गटात, सोसायटीत असा विषय आला की आधी चिठ्ठ्या, चर्चा नंतर.

पासबुक काढून बघा. आमच्याकडे मार्चचे ८,००० एका नावाने आले, एप्रिलचे दुसऱ्या, मेचे तिसऱ्याच. सगळी माणसांची बचत खाती, कंपनीचं एकही नाही. नव्या माणसाचे पैसे थेट जुन्याच्या खात्यात जात होते. पासबुक घरात होतं, फक्त आकडा बघत होतो.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने पोर्टफोलिओ, म्हणजे ग्राहकाची शेअर गुंतवणूक, सांभाळणाऱ्याला एका ग्राहकाकडून ५० लाखांच्या खाली घेताच येत नाही, आणि शेअर बाजारातल्या पैशावर ठरावीक परताव्याची हमी तर कुणालाच देता येत नाही. असं सांगून १ लाख घेणारा तिथेच बेकायदा ठरतो. ठेवी घ्यायची परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं.

५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करारनामा मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नका. आमच्या करारात गुंतवणूक हा शब्दच नाही, 'हातउसने' लिहिलंय. सही करताना वाचलं होतं. "टॅक्ससाठी तसंच लिहितात" म्हणाले, रांगेतल्या पुढच्या सगळ्यांनी सही केली होती, आपणही केली. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते याच शब्दावरून: "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा."

त्या ठाण्याचं काय सांगू. पहिल्या दिवशी हद्द नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी रक्कम मोठी, दुसऱ्या शाखेत जा. तिथे म्हणाले ठाण्यातून कागद आणा. तेरा जणांनी एकत्र अर्ज नेला तर वेगळे द्या, वेगळे नेले तर एकत्र आणा. एका साहेबांनी विचारलं, "तुमची भिशी तरी रजिस्टर आहे का?" तेरातले पाच जण त्याच दिवशी गळाले. "महिन्याला आठ टक्के कुठली बँक देते, ताई? हाव तुमची." हे ऐकून घेतलं. पण ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, बेकायदा ठेवींवर बंदीचा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे, आणि त्यात कुठेही ठेवीदाराची हाव मोजायला सांगितलेली नाही. २०१९ ला इस्लामपुरातून कडकनाथ कोंबडीपालनाच्या स्कीममधल्या फसवणुकीचं प्रकरण निघालं तेव्हा अख्खा जिल्हा हादरला होता. तरी आज अर्जाची पोच मिळवायला चार फेऱ्या.

हद्दीचं कारण ऐकून परतू नका, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नाकारलं तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. पावती जपा. रोख देऊ नका. आमच्या २७ लाखांतले ६ लाख रोख होते, त्यांची साधी चिठ्ठीही नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र बुडाल्यानंतर झालं. नोव्हेंबरात हप्ता थांबला. एजंटाने सगळ्यांना १५ डिसेंबर २०२४ च्या तारखेचे मुदलाचे चेक दिले आणि ग्रुपवर रोज मेसेज: "चेक बँकेत टाकू नका. एकाने तक्रार केली तर खाती गोठतील, मग कुणालाच मिळणार नाही." विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढायचे, आणि उरलेले आम्हीच त्याला गद्दार म्हणायचो. शेजारणीशी बोलणं टाकलं मी, ती ठाण्यात गेली म्हणून. मार्च संपेपर्यंत थांबा म्हणाले, थांबलो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. १५ मार्चला बारा जणांचे चेक रद्दी झाले.

तेरावी ती शेजारीण. तिने जानेवारीत चेक टाकला, तो न वटता परत आला. चेक वटला नाही असा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरीही पैसे नाहीत म्हटल्यावर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. तिची केस उभी आहे. आमच्याकडे हातउसन्याचे करार आहेत. तुमच्याकडे असा चेक असेल तर आधी तारीख बघा, आणि ग्रुपवर कुणाला न विचारता उद्याच बँकेत टाका.